धाराशिवचे पाणी आणि सरकता तरंगा

धाराशिव जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावर असून या पठाराच्या उतारांमुळे जिल्ह्यातील पाण्याला दोन वाटा फुटल्या आहेत. तेरणा आणि मांजरा या नद्यांचे पाणी गोदावरीला मिळते, तर सीना आणि बोरी यांचे पाणी भीमेतून कृष्णेला जाते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो, जमिनीखालचा काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवत नाही, आणि त्यामुळे धरणे होण्यापूर्वी इथल्या नद्या भाद्रपदात दुथडी भरून वाहत व माघ-फाल्गुनापर्यंत एकमेकांपासून तुटलेल्या डोहांची माळ होऊन राहत. जिथे पाण्याची खोली वर्षभर बदलत राहते तिथे गळाने मासे धरणाऱ्यासमोरचा पहिला प्रश्न आमिष किती खोल सोडावे हा असतो. या एका प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत मिळालेली उत्तरे एकापुढे एक ठेवली, तर काठी, दोर आणि तरंगा यांत झालेले बदल पाण्याच्या इतिहासामागून चालत आल्याचे दिसते.

गळाच्या मासेमारीचा संच मुळात साधा आहे. काठीच्या टोकापासून निघणारा दोर, दोराच्या शेवटी वाकवलेल्या तारेचा आणि बहुधा उलट्या काट्याचा गळ, गळावर आमिष, आमिष खाली नेण्यासाठी दोरावर दाबून बसवलेले शिसे, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर राहणारी हलकी वस्तू म्हणजे तरंगा, एवढाच त्याचा पसारा. तरंग्याकडे दोन कामे असतात: आमिष ठरावीक खोलीवर टांगून धरणे, आणि मासा आमिषाला लागला की बुडून, डुलून किंवा आडवा होऊन काठावरच्या माणसाला खबर देणे. यांतले दुसरे काम कोणताही हलका तुकडा करू शकतो. पहिले काम मात्र तरंगा दोरावर कुठे आणि कसा बसवला आहे यावर अवलंबून असते, आणि बांधलेला तरंगा व सरकता तरंगा यांतला फरक नेमका इथे पडतो.

या प्रदेशाशी निगडित असलेले गळाच्या मासेमारीचे सर्वांत सविस्तर जुने वर्णन राजदरबारातले आहे. बाराव्या शतकात आजचा धाराशिव जिल्हा कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता, आणि त्यांची राजधानी कल्याण, म्हणजे कर्नाटकातले आजचे बसवकल्याण, उमरग्याहून पूर्वेला सरळ अंतराने चाळीस किलोमीटरांच्या आत आहे. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ ते ११३१ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला आणि राजाच्या करमणुकींच्या प्रकरणात हत्ती, घोडे, मल्ल, कोंबडे, श्येन यांच्या जोडीला ‘मत्स्यविनोद’ हा स्वतंत्र अध्याय घातला. माशांच्या जाती, त्यांतले खवल्यांचे व बिनखवल्यांचे असे भेद, माशांना जागेवर जमवण्यासाठी टाकायचे खाद्य, दोर, काठी, गळ आणि आमिष यांचा विचार त्यात क्रमाने येतो. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेसाठी गजानन कृष्ण श्रीगोंदेकर यांनी १९२५ पासून ‘मानसोल्लासा’चे संपादन केले, आणि १९५१ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी या अध्यायावर स्वतंत्र लेख लिहून तो मत्स्यविद्येच्या अभ्यासकांपुढे आणला. इंग्रजीतील या विषयावरचे पहिले छापील पुस्तक १४९६ चे आहे. त्यात बुचाला तापलेल्या लोखंडाने भोक पाडून पिसाची दांडी बसवण्याची आणि असा तरंगा दोरावर ठेवण्याची कृती आहे. सोमेश्वराचा अध्याय त्याच्या साडेतीनशेहून अधिक वर्षे आधीचा आहे, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासलेखनात जितकी यायला हवी होती तितकी आलेली नाही.

अर्थात राजाचा विनोद आणि गावची मासेमारी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. नदीकाठच्या गावांत पालखी वाहणे, नदीच्या वाळूत कलिंगडे-खरबुजांच्या वाड्या लावणे आणि मासे धरणे ही भोई समाजाची परंपरागत कामे होती, आणि त्यांचे मुख्य साधन जाळे हेच होते. जाळ्याने पोट भरते, गळाने बहुधा घरातले कालवण होते. म्हणून गळ हे व्यवसायाचे साधन असण्यापेक्षा जनावरे राखणाऱ्या पोरांचे, शेतातून परतणाऱ्या गड्याचे आणि पावसाळ्यानंतर चार मोकळे दिवस मिळालेल्या कोणाचेही साधन राहिले. त्याची सामग्रीही शेतातलीच असे. काठी वेळूची, दोर सुताचा किंवा अंबाडी-तागाचा, आमिषाला गांडूळ किंवा मळलेल्या पिठाची गोळी, आणि तरंगा म्हणून भेंड. भेंड म्हणजे ताटाच्या सालीआतला पांढरा, हलका, सच्छिद्र गाभा. ज्वारीच्या या मुलखात ज्या धांड्याच्या भेंडाच्या आणि चोयांच्या बैलगाड्या मुले करीत, त्याच धांड्याचा बोटभर तुकडा दोराला बांधला की तरंगा तयार होई. तो तासाभरात पाणी पिऊन जड होई, पण नवा तुकडा बांधायला कसलाच खर्च नव्हता. मोराच्या पिसाची दांडी याहून टिकाऊ आणि अधिक नाजूक खबर देणारी होती, परंतु ती सर्वांना सहज मिळणारी नव्हती.

हा बांधलेला तरंगा त्या पाण्याला पुरेसा होता. डोहाची खोली लोक माणसाच्या उंचीवर, म्हणजे ‘पुरुष’ या मापाने सांगत, आणि उन्हाळ्याकडे झुकलेल्या तेरणेच्या डोहात कमरेपासून पुरुषभर पाणी असले तर भेंडापासून गळापर्यंत तीन ते पाच फूट दोर पुरत असे. काठी त्याहून लांब असल्यामुळे दोर झोका देऊन पुढे सोडता येई आणि तसाच उचलून काठावर घेता येई. दूर फेकण्याची गरजच नव्हती, कारण मासा आणि माणूस यांच्यामध्ये फारसे पाणी नव्हते. गुंता होण्याचा प्रसंगही त्यामुळे कमी येई; झाला तर तो काठावरच्या निगडी-बाभळीत अडकल्यामुळे होई, दोर स्वतःभोवती फिरल्यामुळे नव्हे.

खोल पाण्याचे एक जुने उदाहरण मात्र जिल्ह्यात आहे. नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणाऱ्या बोरी नदीवर विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, दगडी बंधारा घालण्यात आला आणि त्याच्या पोटात पाणीमहाल बांधण्यात आला. पावसाळ्यात ज्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. बंधाऱ्यामागचे पाणी नदीच्या स्वाभाविक डोहापेक्षा कितीतरी खोल, आणि काठ उताराचा नसून सरळ उभ्या तटाचा. अशा ठिकाणी बांधलेल्या तरंग्याची मर्यादा उघडी पडते. बारा-पंधरा फुटांवर आमिष सोडायचे तर तरंगाही गळापासून बारा-पंधरा फुटांवर बांधावा लागतो. तेवढा दोर काठीच्या टोकाखाली लोंबकळत ठेवून फेकता येत नाही, आणि मासा लागल्यावर तरंगा काठीच्या टोकाला येऊन अडला की उरलेला दोर वर घेता येत नाही. तटावरून दोर सरळ खाली सोडणे किंवा तरंगा काढून टाकून शिशाने आमिष तळाला बसवणे एवढेच पर्याय उरतात, आणि दुसऱ्या पर्यायात वाम, शिंगटा यांसारखे तळाशी चरणारे मासेच प्रामुख्याने हाती लागतात.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा या पाण्याशी संबंध आला तो दोन रीतींनी. १८५३ च्या तहाने नळदुर्ग जिल्हा निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि १८६० मध्ये परत गेला; या मधल्या काळात फिलिप मेडोज टेलर हा तिथला अधिकारी होता. पण माशांच्या बाबतीत महत्त्वाचे काम त्याआधी शेजारच्या भीमा खोऱ्यात झाले होते. विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांवरचा आपला निबंध १८३० च्या दशकाच्या अखेरीस मांडताना अनेक जातींना मराठी बोलीतली नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली, आणि महसीर माशाच्या ‘खुद्री’ या जातिनामात ती आजही टिकून आहेत. दुसरी रीत हौशी मासेमारीची. मद्रास सेवेतल्या हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातील काठीच्या मासेमारीवर ग्रंथ लिहिल्यावर १८८७ मध्ये केवळ तळ्यांतील मासेमारीवर वेगळे पुस्तक काढले, यावरून वाहत्या नदीपेक्षा दक्षिणेतल्या साठलेल्या पाण्याला निराळे तंत्र लागते ही जाणीव तेव्हाच झाली होती असे म्हणता येते. निजामाच्या राज्यातही १९४० च्या दशकात हैदराबाद संस्थानाच्या मत्स्यसंपत्तीची पाहणी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली. तथापि या लिखाणाचा गावच्या गळावर काही परिणाम झाला असे समजण्याचे कारण नाही. भेंड होते तिथेच राहिले.

खरा बदल सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरच्या चार दशकांत झाला, आणि तो एकाच वेळी पाण्यात, माशांत आणि दोरात झाला. तेरणेवर तेरजवळ आणि पुढे लोहारा तालुक्यात माकणीला, बोरीवर नळदुर्गच्या परिसरात, परंडा तालुक्यात सीनेच्या खोऱ्यात अशी धरणे होत गेली. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून गावोगाव पाझर तलाव उभे राहिले. पाझर तलाव म्हणजे पाणी कालव्याने न देता ते जमिनीत मुरवून खालच्या विहिरींना पाझर फुटावा यासाठी ओढ्यावर घातलेला मातीचा बांध. ज्या जिल्ह्यात पुरुषभर पाणी म्हणजे मोठा डोह, त्या जिल्ह्यात भिंतीजवळ अनेक पुरुष खोल असलेले जलाशय एका पिढीच्या हयातीत निर्माण झाले.

याच जलाशयांत नवे मासे आले. गंगेच्या खोऱ्यातले कटला, रोहू आणि मृगळ हे मोठे मासे बंद पाण्यात आपोआप वीण घालत नाहीत, म्हणून त्यांचे बीज नदीतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशांच्या मस्तिष्कग्रंथीचा अर्क टोचून त्यांची वीण घडवून आणली, आणि त्या पद्धतीमुळे दख्खनच्या तलावांपर्यंत मत्स्यबीज पोचणे शक्य झाले. आफ्रिकेतला तिलापिया, ज्याला इकडे चिलापी म्हणतात, १९५२ मध्ये भारतात आला. सात वर्षांतच त्याच्या प्रसाराला मनाई करण्याची वेळ आली, पण त्याने मनाई जुमानली नाही आणि आज उथळ काठावर पोरांच्या गळाला लागणारा मासा बहुतेक वेळा तोच असतो. गळाच्या दृष्टीने या नव्या माशांचे महत्त्व त्यांच्या चरण्याच्या थरांत आहे. कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तळाला टाकलेले आमिष कटल्याच्या खाली राहते, हातभर खोल सोडलेले आमिष रोहूच्या वर राहते. पाणी वीस फूट खोल असताना आमिष नेमके आठ किंवा दहा फुटांवर टांगायचे, आणि तेही भिंतीपासून दूर, ही गरज पूर्वीच्या डोहात कधी उत्पन्नच झाली नव्हती.

तिसरा बदल दोराचा. १९३८ मध्ये अमेरिकेत जाहीर झालेल्या नायलॉनपासून पुढे एकेरी, पारदर्शक आणि न भिजणारा दोर निघाला, ज्याला मराठी मासेमार तंगूस म्हणतात. सुताच्या दोरापेक्षा तंगूस बारीक व मजबूत असतो, कड्यांतून सुळकन धावतो आणि दूर जातो. परंतु त्याला गुंडाळीची आठवण राहते, म्हणजे सोडल्यावरही तो वेटोळ्यांत उसळतो, आणि गुंत्याची कटकट मुख्यतः त्याच्यासोबत आली. त्याच्या जोडीचे चक्र, ज्याचे रीळ स्थिर राहून दोर त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटतो, त्याचे पेटंट इंग्लंडमधील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये घेतले होते. भारतीय बाजारात स्वस्त चक्रे आल्यावर, आणि जिथे ती परवडत नाहीत तिथे डब्यावर गुंडाळलेल्या तंगुसाने, गळ भिंतीवरून दूर फेकता येऊ लागला. दूर फेकणे जमले, खोल सोडणे मात्र बांधलेल्या तरंग्याने जमेना. सरकता तरंगा हे या अडचणीचे उत्तर होते. इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीच्या काठी, नॉटिंगहॅमच्या मासेमारांत, एकोणिसाव्या शतकातच ही युक्ती रूढ होती.

सरकत्या तरंग्याची कल्पना अशी की तरंगा दोराला बांधायचाच नाही. त्याच्या मधून आरपार भोक असते आणि तो दोरावर वर-खाली मोकळा धावतो. जितक्या खोलीवर आमिष हवे तितक्या अंतरावर मुख्य दोराला दुसऱ्या, जाडसर धाग्याची गाठ मारलेली असते. ही अडगाठ ओढून घट्ट केली की स्वतःहून हलत नाही, पण ओली करून नखाने दाबली की वर-खाली सरकते, आणि काठीच्या कड्यांतून व चक्रावर विनाअडथळा जाते. तरंग्याचे भोक गाठीपेक्षा मोठे असल्याने गाठ त्यातून निसटू नये म्हणून दोहोंमध्ये बारीक छिद्राचा मणी ओवतात. वरून खाली पाहिले तर क्रम असा लागतो: अडगाठ, मणी, तरंगा, शिसे, पीळ काढणारी फिरती कडी, आणि तिच्यापुढे हात-दीड हात बारीक दोराला गळ. फेकण्यापूर्वी तरंगा आपल्या वजनाने घसरून शिशापाशी येऊन बसतो, त्यामुळे अडगाठ पंधरा फुटांवर असली तरी काठीच्या टोकाखाली दोन-तीन फूट दोरच लोंबतो. पाण्यात पडल्यावर शिसे खाली जाते, दोर तरंग्यातून ओढला जातो, आणि गाठ मण्याला व मणी तरंग्याला येऊन टेकला की आमिष ठरल्या खोलीवर थांबते व आडवा पडलेला तरंगा उभा राहतो.

गुंता होतो तो बहुतेक हवेत, आणि त्याची कारणे वजनाच्या मांडणीत असतात. फेकलेल्या संचात जड वस्तू पुढे आणि हलक्या मागे राहिल्या तर दोर ताठ राहतो. शिसे थोडे-थोडे करून सगळ्या दोरावर विखुरले असेल किंवा तरंगा शिशाहून मोठा आणि वाऱ्याला अडणारा असेल, तर तरंगा मागे रेंगाळतो, गळ उलटून त्याच्याभोवती फिरतो, आणि पाण्यात पडते ती एक गाठोडी. म्हणून खालचे शिसे एका जागी आणि तरंग्याला जवळजवळ बुडवील इतके ठेवतात. केवळ टोक पाण्यावर राहिले म्हणजे वजन बरोबर साधले, आणि अशा तरंग्याची खबरही अधिक नाजूक असते. दुसरी दक्षता गळाच्या दोराची. शिशाच्या वर एक-दीड हातावर छोटी दुसरी अडगाठ मारून, तिच्यावरही मणी ओवून, तरंग्याला तिथेच थांबवले आणि गळाचा दोर त्याहून आखूड ठेवला, तर गळ कितीही उलटला तरी तरंग्यापर्यंत पोचत नाही, मग त्यात अडकण्याचा प्रश्नच राहत नाही. बहुतेक नवशिके या मापाकडे दुर्लक्ष करतात आणि दोष तंगुसाला देतात.

फेकण्याची रीतही वेगळी लागते. मनगटाचा झटका शिशाला आणि आमिषाला वेगवेगळी गती देतो, त्यात पिठाची गोळी गळून जाते ती वेगळीच. म्हणून काठी मागे नेऊन, संच स्थिर झाल्यावर, गोफणीचा वेग न देता लांब सपाट झोक्याने सोडतात. संच पाण्यावर पडण्याच्या क्षणभर आधी सुटणाऱ्या दोराला बोटाने हलके अडवले की मागचा दोर ताठ होतो आणि शिसे व गळ तरंग्याच्या पलीकडे जाऊन पडतात. त्यानंतर चक्र लगेच बंद करायचे नसते. दोर तरंग्यातून खाली जायला वेळ आणि सैल दोर दोन्ही लागतात. तो अडवला तर शिसे सरळ खाली न जाता लंबकासारखे काठाकडे झुकते आणि आमिष ना ठरल्या जागी राहते ना ठरल्या खोलीवर. तरंगा उभा राहिला की काम साधले. तो आडवाच राहिला तर शिसे तळाला टेकलेले असते, आणि तेव्हा अडगाठ खाली, म्हणजे गळाच्या दिशेने, सरकवावी लागते. किंवा दोर वर कुठेतरी अडकलेला असतो, आणि तेव्हा संच ओढून पाहण्यावाचून इलाज नसतो.

आडव्या तरंग्याच्या या खुणेचा उपयोग खोली मोजण्यासाठीही होतो, आणि धाराशिवच्या जलाशयांत त्याला विशेष अर्थ आहे. दसऱ्याच्या सुमारास पंधरा फुटांवर असलेली अडगाठ चैत्रापर्यंत त्याच जागी उपयोगाची राहत नाही. बाष्पीभवन, सिंचन आणि पिण्याचा पुरवठा यांनी पाणी उतरत जाते तशी गाठ गळाकडे येत राहते. २०१२-१३ आणि २०१५-१६ या टंचाईच्या वर्षांत जिल्ह्यातले अनेक जलाशय तळाला गेले आणि गाठ सरकवण्याचा विषयच संपला. अशा वर्षी मासळीचे बीज सोडून तलावाचा ठेका चालवणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांचे नुकसान हौशी माणसापेक्षा कितीतरी मोठे असते, आणि ठेक्याच्या पाण्यात गळ टाकण्यापूर्वी त्यांची परवानगी घेणे आवश्यक ठरते ते याचमुळे.

पाणी उतरल्यावर या जलाशयांचा तळ दिसतो आणि त्यात बुडालेली शेते, विहिरींचे कठडे, बांधावरच्या बाभळींचे बुंधे उघडे पडतात. गंगेच्या काठी किंवा कोकणातल्या खाडीत गळ अडकतो तो खडकात आणि चिखलात. इथे तो अडकतो बुडालेल्या शिवारात. म्हणून इथले जाणते मासेमार फिरत्या कडीपुढचा गळाचा दोर मुख्य दोरापेक्षा मुद्दाम कच्चा ठेवतात. बाभळीच्या बुंध्यात गळ रुतला आणि ओढ दिली, तर तुटतो तो हातभर दोर आणि एक गळ. शिसे, तरंगा, मणी आणि मोजून मारलेली अडगाठ हातात परत येतात, आणि नवा गळ बांधला की तीच खोली पुन्हा मोजावी लागत नाही.